चेसबॉक्सिंगची तयारी: ठोशांतून पटावर येताना

हातमोजे काढून पटाकडे हात नेला आणि उंट उचलता उचलता शेजारचा हत्ती आडवा पडला. तीन मिनिटं बॅगवर ठोसे मारून मी जेमतेम मिनिटभरापूर्वी खुर्चीत बसलो होतो. बोटं थरथरत होती, भुवईत साचलेला घाम टपकन पटावर पडला. माझ्या राजापुढची तिन्ही प्यादी जागची हललेली नव्हती आणि समोरच्याचा हत्ती मोकळ्या पट्टीवर उभा होता. शेवटच्या ओळीवरची मात. शाळेत असल्यापासून शेकडो वेळा सोडवलेली, झोपेतून उठवलं तरी ओळखेन अशी. ती मला दिसलीच नाही.

त्या दिवसापासून कुणी विचारलं की चेसबॉक्सिंगमध्ये अवघड काय, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: दोन फेऱ्यांमधलं एक मिनिट. बुद्धिबळ शिकवणारे भेटतात, बॉक्सिंग शिकवणारेही भेटतात. धापा टाकत असताना डोळ्यांना पट दिसायला लागणं मात्र स्वतःच कमवावं लागतं. या लेखात बाकीच्या पायऱ्या येतील, पण माझा भर त्या मिनिटावर आहे.

आधी खेळ कसा चालतो ते बघू. पूर्ण लढतीत ११ फेऱ्या असतात. ६ बुद्धिबळाच्या, ५ बॉक्सिंगच्या, एकाआड एक. सुरुवात पटावर होते आणि लढत लांबलीच तर शेवटही पटावरच. प्रत्येक फेरी ३ मिनिटांची आणि मध्ये १ मिनिट विश्रांती. डाव मात्र एकच. घंटा झाली की घड्याळ थांबतं, मांडलेल्या डावासकट टेबल रिंगणाबाहेर जातं आणि पुढच्या बुद्धिबळाच्या फेरीला तसंच परत येतं. प्रत्येकाच्या घड्याळात ९ मिनिटं असतात. दोघांची मिळून १८, म्हणजे ६ फेऱ्यांची बरोबर बेरीज. प्रेक्षकांचा ओरडा आणि समालोचन कानावर पडू नये म्हणून पटावर बसताना हेडफोन घालतात. मात, समोरच्याची वेळ संपणं, त्याने डाव सोडणं, नॉकआउट किंवा रेफरीने लढत थांबवणं, यातलं जे आधी घडेल त्यावर निकाल लागतो. डाव बरोबरीत सुटला तर बॉक्सिंगचे गुण बघतात, आणि तेही समान निघाले तर काळी मोहरी घेतलेला जिंकतो. हौशी स्पर्धांमध्ये फेऱ्या कमी असतात, तेव्हा आयोजकांकडून आकडा आधीच विचारून घ्या.

ही कल्पना १९९२ सालच्या एका फ्रेंच चित्रकथेतली. डच कलाकार ईपे रुबिंग यांनी ती कागदावरून रिंगणात आणली. २००३ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या पॅराडिसो सभागृहात झालेली पहिली जागतिक लढत त्यांनी स्वतः जिंकली, तीही ११व्या फेरीत, समोरच्याची वेळ संपल्यामुळे. बॉक्सिंगच्या पाचही फेऱ्या पार पडल्या आणि निकाल लावला घड्याळाने! पुढे बर्लिन आणि लंडन ही या खेळाची मोठी केंद्रं झाली. आपल्याकडे कोलकात्याचे किकबॉक्सिंग प्रशिक्षक मोंटू दास यांनी २०११ साली चेस बॉक्सिंग ऑर्गनायझेशन ऑफ इंडिया सुरू केली. रुबिंग २०२० साली गेले. वय अवघं ४५.

पहिली पायरी: डॉक्टर, मग डोळे

सरावाच्या आधी तपासणी. रक्तदाब, हृदय, आणि पूर्वी कधी डोक्याला मार लागून शुद्ध हरपली असेल तर त्याची स्पष्ट माहिती डॉक्टरांना द्या. बुद्धिबळाकडून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट खास सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण चष्मेवाले. नंबर मोठा असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याचा पडदा तपासून घ्या. मोठ्या मायनस नंबरात पडदा नाजूक असू शकतो आणि ठोशाने तो सुटण्याचा धोका असतो. डॉक्टर नाही म्हणाले तर नाही. तरीही बॅग, दोरी आणि पट यांचा एकत्र सराव ठोसे न खाता करता येतो, आणि त्यात भरपूर आनंद आहे.

नंबर लहान असेल तर एक साधी परीक्षा घ्या. चष्मा काढून पटासमोर बसा. उंट आणि प्यादं यात गल्लत होते का? होत असेल तर चष्मा कोण हातात देणार, हे विश्रांतीच्या मिनिटाच्या नियोजनात धरा.

दुसरी पायरी: बॉक्सिंगचे पहिले तीन महिने

प्रशिक्षक निवडताना एकच कसोटी लावा: नवख्याला तो कधी स्पॅरिंगला, म्हणजे जोडीदारासमोर सरावाच्या लढतीला, उभा करतो? मी सुरुवातीला ज्या जिममध्ये गेलो तिथे दुसऱ्याच आठवड्यात मला माझ्याहून वीसेक किलोने जड मुलासमोर उभं केलं. जबडा चार दिवस दुखला, ते विसरलो. पण ठोसा येताना डोळे मिटायची सवय लागली, ती जायला सहा महिने लागले. चांगला माणूस तुम्हाला आधी उभं राहायला शिकवतो. डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, हनुवटी आत, कोपरं बरगड्यांना लागून. डावखुऱ्यांनी उलट. दोन आठवडे नुसतं उभं राहणं, सरकणं आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, एवढंच शिकवलं तर कंटाळू नका. या खेळात सर्वांत कामाला येणारा ठोसा जॅबच. त्यात दम कमी खर्च होतो, समोरचा लांब राहतो आणि गुणही मिळतात.

सामान थोडं घ्या, पण नीट घ्या. हाताच्या पट्ट्या साडेचार मीटरच्या, कारण आखूड पट्टीत मनगट सैल राहतं. बॅगसाठी १२ औंसांचे हातमोजे, स्पॅरिंगसाठी १६ औंसांचे. सरावाला वेल्क्रोचे घ्या, नाडीचे काढताना दुसऱ्याचे हात लागतात आणि मिनिट तिथेच संपतं. दातांसाठी गरम पाण्यात मऊ करून बसवायचा माउथगार्ड आणि पोटाखालचा गार्ड हवाच. हेडगार्ड जरूर घाला, पण त्यावर विसंबू नका. कापणं आणि खरचटणं त्याने वाचतं, डोक्याच्या आत बसणारा हादरा वाचत नाही.

शरीर सांभाळण्याकडे नवखे दुर्लक्ष करतात, कारण सगळं लक्ष तोंड वाचवण्यात असतं. २००८ साली बर्लिनच्या जागतिक लढतीत जर्मन पोलीस अधिकारी फ्रँक श्टोल्ट याचा निकोलाय साझिन या १९ वर्षांच्या रशियन विद्यार्थ्याने पराभव केला. नंतर श्टोल्टने सांगितलं की चौथ्या फेरीत अंगावर बरेच ठोसे बसले, त्याने लक्ष उडालं आणि पाचव्या फेरीत आपल्या राजावर चाललेला हल्ला दिसला नाही. चौथी फेरी बॉक्सिंगची, पाचवी पटाची. बरगडीवरच्या ठोशाने आधी श्वास तुटतो आणि श्वास तुटला की गणित तुटतं. म्हणून कोपरं खाली ठेवायची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या. तुमचा राजा तिथूनही वाचतो.

दमासाठी दोरीच्या उड्या आणि धावणं. दोरी ३ मिनिटं, विश्रांती १ मिनिट, असे आधी चार आणि मग सहा राऊंड. पहिल्या दिवसापासून शरीराला याच मापाची सवय लावा.

तिसरी पायरी: पटावर काय खेळायचं

बॉक्सिंगकडून येणाऱ्यांसाठी आधी एक सूचना. आजोबांकडून शिकलेलं घरगुती बुद्धिबळ असेल तर आंतरराष्ट्रीय नियम एकदा नीट वाचून घ्या. प्याद्याची पहिली चाल, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं), प्यादं शेवटच्या घरी पोचल्यावर काय बनतं, यात घरोघरी वेगळ्या रीती आहेत. सराव ‘हात लावलं ते मोहरं चालवायचं’ या नियमानेच करा. पट्ट्या बांधलेल्या थरथरत्या हाताला तो नियमच शिस्त लावतो.

आता वेळेचा हिशेब. ९ मिनिटं म्हणजे ५४० सेकंद. डाव ४० चालींचा धरला तर एका चालीला साडेतेरा सेकंद येतात, आणि चालीमागे वाढून मिळणारा एक सेकंदही नाही. तेव्हा सुरुवातीच्या दहा चाली हातातूनच निघाल्या पाहिजेत. मी पांढऱ्याने लंडन सिस्टिम आणि राजाच्या प्याद्यासमोर काळ्याने कारो-कान ही ओपनिंग, म्हणजे डावाच्या ठरलेल्या सुरुवाती, खेळायला सांगतो. ती सर्वांत जोरदार आहेत असा माझा दावा नाही. त्यांत मोहऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि योजना एका वाक्यात सांगता येते. सिसिलियन या ओपनिंगच्या धारदार वाटांमध्ये सतराव्या चालीपर्यंतचं पाठांतर लागतं. तोंडावर दोन जॅब बसल्यावर पाठांतर पुसलं जातं, योजना मात्र टिकते.

मधल्या डावात प्रत्येक चालीआधी तीन शब्द मनात म्हणा: शह, मार, धमकी. समोरचा शह देऊ शकतो का? माझं काही मारू शकतो का? त्याच्या शेवटच्या चालीत कसली धमकी आहे? हे आधी शांतपणे पक्कं करा, दमलेलं डोकं नवीन काही शिकत नाही. शेवटाकडे राजा-हत्तीची मात आणि राजा-प्याद्याची अंतिमावस्था एवढं घोटून ठेवा. हत्तीची मात मिनिटाभरात देता आली पाहिजे, कारण घंटा झाली की जिंकलेला डाव टेबलावर तसाच राहतो आणि तुम्हाला ठोसे खायला उठावं लागतं.

पातळीची चिंता आत्ता करू नका. रुबिंग यांच्याच चेस बॉक्सिंग ग्लोबल या व्यावसायिक मालिकेने १६०० एलो (बुद्धिबळातलं मानांकन) आणि ५० हौशी लढतींचा अनुभव अशी अट ठेवली होती. पट आणि ठोसे दोन्ही सारखे भक्कम हवेत, एवढंच त्यातून घ्या. ज्याचं जे कच्चं, त्याला आठवड्यातला जास्त वेळ.

चौथी पायरी: ते एक मिनिट

आता मुख्य गोष्ट. बॉक्सिंगची घंटा होते तेव्हा छाती भात्यासारखी चाललेली असते आणि साठ सेकंदांनी चाल करायची असते. हे साठ सेकंद नशिबावर सोडू नका, वाटून घ्या.

पहिले वीस सेकंद फक्त श्वासाचे. बसा, खांदे सोडा, हातमोजे साथीदाराला काढू द्या. नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंडाने सात-आठ मोजेपर्यंत बाहेर. सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके उतरायला मदत होते. सुरुवातीला आठपर्यंत जाताच येत नाही, मध्येच धाप लागते. हरकत नाही, पाचपर्यंत सोडा. या वेळात पटाचा विचार मुद्दाम टाळा. पुढचे वीस सेकंद हातांचे: घोटभर पाणी, कपाळ आणि तळवे कोरडे, चष्मा असेल तर चष्मा. शेवटचे वीस पटाचे. हेडफोन घाला आणि मोहऱ्यांकडे बघा. लगेच चाल शोधू नका. चाल कुणाची, त्याची शेवटची चाल कोणती, माझ्या राजाभोवती काय आहे, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारा.

एक युक्ती मला फार उपयोगी पडली. बुद्धिबळाची फेरी संपायला दहा-पंधरा सेकंद उरले की डावाचं एक वाक्य बनवायचं. ‘चाल माझी, हत्ती मोकळ्या पट्टीवर आणायचा, त्याच्या घोड्यावर लक्ष.’ ते वाक्य पटाशेजारी ठेवून जायचं. बॉक्सिंगच्या तीन मिनिटांत त्याची आठवणही काढायची नाही. ठोसे चुकवताना डोक्यात घोडा आला की हनुवटी वर येते, आणि मग व्हायचं ते होतं. परत बसल्यावर तेच वाक्य मनात म्हणायचं. कोऱ्या मनाने पट बघून पुन्हा पहिल्यापासून विचार करण्यापेक्षा ही वाट कितीतरी जवळची.

याचा सराव कसा करायचा? एकटे असाल तर लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरचा पझल स्टॉर्म घ्या, म्हणजे घड्याळ लावून भराभर कोडी सोडवणं. त्याचं घड्याळ तीन मिनिटांपासूनच सुरू होतं, जणू याच खेळासाठी बनवलेला. एक दिवस ताजेतवाने असताना खेळून गुण वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी बॅगवर तीन मिनिटं, एक मिनिट वर सांगितलेला क्रम, आणि मग पझल स्टॉर्म. असं तीन वेळा करून प्रत्येक वेळचे गुण लिहा. माझे सुरुवातीला निम्म्यावर येत. तुमचेही उतरतील. आठवड्यांमागून आठवडे ती दरी कमी होताना वहीत दिसते, आणि तुमची खरी प्रगती तीच. नुसती सोडवण्याची गती वाढली पण दरी तेवढीच राहिली, तर श्वासावर काम बाकी आहे असं समजा.

जोडीदार असेल तर मैदानावर जा. चेसबॉक्सिंगवाल्यांचा हा जुना सराव आहे: ४०० मीटर जोरात पळायचं, पटावर येऊन झटपट डावाचा तुकडा खेळायचा, घड्याळ थांबवून पुन्हा पळायचं. मैदान नसेल तर सोसायटीचा जिना चालतो. पट मात्र खरा घ्या, मोबाईलवरचा नको. पडद्यावर बोट टेकवणं आणि ओल्या बोटांनी वजीर उचलून नेमक्या घरात ठेवणं यांत फरक आहे, आणि लढतीत दुसरं करावं लागतं.

आठवडा मी असा बांधतो. सोमवार आणि गुरुवार बॉक्सिंगचं तंत्र. मंगळवारी संध्याकाळी अर्धा तास कोडी आणि ९ मिनिटांचे दोन डाव, नंतर आपल्या चुका बघणं. बुधवारी धावणं आणि दोरी. शनिवारी एकत्र सराव, आधी तीन बुद्धिबळाच्या आणि दोन बॉक्सिंगच्या फेऱ्या, दोन महिन्यांनी चार आणि तीन. शुक्रवार, रविवार आराम. नोकरी सांभाळून एवढं जमतं. याहून जास्त करणारे बरेच जण सहाव्या आठवड्यात खांदा धरून बसतात.

पाचवी पायरी: स्पॅरिंग, आणि डोक्याची किंमत

तीन महिन्यांनंतर, प्रशिक्षक म्हणतील तेव्हा. आधी फक्त जॅब, मग फक्त अंगावर, मग हलकं मोकळं. वजनाने जवळचा आणि हात आवरता येणारा जोडीदार निवडा. पंधरवड्यात एकदा पुरे.

इथे मी हट्टी आहे. हा खेळ डोक्याने खेळायचा आहे, तेव्हा डोकं सरावात झिजवायचं नाही. ठोशानंतर गरगरणं, मळमळ, डोकेदुखी, उजेड न सोसणं, काही क्षण न आठवणं, यातलं एकही दिसलं तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला. ‘एक फेरी काढतो’ म्हणायचं नाही. डॉक्टरांना दाखवा, पहिला दिवस एकटे राहू नका आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत ठोसे बंद. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात अडखळणं असेल तर थेट रुग्णालय. बुद्धिबळपटूला एक जास्तीचा इशारा मिळतो. स्पॅरिंगच्या दुसऱ्या दिवशी नेहमीची सोपी कोडी सुटत नसतील, तर ते थकवा म्हणून झटकू नका. उलट बाजूही ध्यानात ठेवा. कोडी सुटली म्हणून सगळं ठीक आहे, असा दाखला त्यातून मिळत नाही.

सहावी पायरी: दोन्हींचा एकत्र हिशेब

खेळाची खरी गोडी इथे आहे. तुमचा डाव वरचढ असेल तर पटावर भराभर चाली करा आणि रिंगणात जॅब टाकत लांब राहा, कारण तुम्हाला फक्त पुढच्या बुद्धिबळाच्या फेरीपर्यंत पोचायचं आहे. डाव पडत असेल आणि हात भारी असतील तर उलट. पटावर मात लांबवायची, घंटेपर्यंत तग धरायचा आणि पुढची तीन मिनिटं दाब वाढवायचा. पण वेळकाढूपणाला मर्यादा आहे. उगाच चाल अडवून बसलात तर पंच ताकीद देऊन चाल करायला लावतात, आणि घड्याळ तुमचंच जळत असतं. पांढरी मोहरी असतील तर एक हिशेब जास्तीचा: सगळं बरोबरीत राहिलं तर जिंकणार काळा. म्हणजे बरोबरीकडे झुकणाऱ्या डावात रिंगणातले गुण पांढऱ्यालाच मिळवायचे असतात.

प्रत्येक एकत्र सरावानंतर चाली आणि ठोसे एकाच पानावर लिहा. ‘दुसऱ्या बॉक्सिंगनंतर घोडा फुकट गेला, त्याआधी पोटावर दोन बसले होते.’ चार-पाच पानं भरली की आपली चूक कुठून सुरू होते ते दिसायला लागतं. माझी बहुतेक वेळा परत बसल्यावरच्या पहिल्या दोन चालींत होते. म्हणून त्या दोन चालींना मी आता वीस-वीस सेकंद देतो आणि घड्याळातला तेवढा खर्च सोसतो.

पहिली लढत ठरली की आयोजकांना फेऱ्यांची संख्या, प्रत्येकाची वेळ, वजनगट, हातमोजे कोण देणार आणि रिंगणाजवळ डॉक्टर आहे का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर जाऊ नका. आदल्या आठवड्यात स्पॅरिंग नको, नवं ओपनिंग नको. साथीदाराबरोबर मिनिटाची तालीम मात्र रोज करा: हातमोजे काढणं, पाणी, हेडफोन, मोबाईलवर साठ सेकंद लावून.

आणि पिशवीत दोन सुती पंचे टाका, वेगळ्या रंगांचे. एक तोंडासाठी, एक फक्त हातांसाठी. हातांचा पंचा साथीदाराच्या खांद्यावर कोरडा राहिला पाहिजे, हे त्याला लढतीआधीच सांगून ठेवा.